गाडीखालचा डबा





विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आपल्या एका माजी विद्यार्थ्याची मोटार का ठेवली नाही, असा प्रश्न सातवी-आठवीच्या मुलांनी आम्हाला विचारला. काही पालकांनी विचारला आणि विश्वस्तांच्या बैठकीतही तो निघाला. सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हा विद्यार्थी आपल्या शाळेतून दहावी झाला, पुढे आयटीआय केले आणि आज उद्यमबागेत लेथवर काम करतो. त्याची गाडी म्हणजे २००२ सालची फियाट पालिओ, १.६ लिटर इंजिनाची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. शंभर अश्वशक्तीच्या या छोट्या गाडीचा त्या काळी तरुणांमध्ये मोठा बोलबाला होता. सचिन तेंडुलकरच्या नावाची ‘एस-टेन’ ही आवृत्तीही तेव्हा निघाली होती. भंगारात जाणारी अशी एक गाडी या मुलाने दोन वर्षे रविवार-रविवार खपून चालती केली. इंजिन स्वतः उतरवले, स्वतः बसवले. या हातांचे आम्हाला कौतुक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण गाडी आणखी जोरात पळावी म्हणून त्याने तिच्या पोटाखालचा ‘कॅटकॉन’ ग्राइंडरने कापून काढला आणि त्या जागी सरळ नळी जोडली. टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबाही काढून टाकला. “सर, आता गाडीला दम आला,” असे तो आनंदाने म्हणाला. आमचे बोलणे इथूनच सुरू झाले.

कॅटकॉन म्हणजे काय, हे मुलांनी समजून घ्यावे. आम्ही हिंदी माध्यमातून रसायनशास्त्र शिकलो, पण ‘उत्प्रेरक’ हा शब्द तिथेही हाच होता. जो स्वतः खर्ची न पडता दुसऱ्यांची रासायनिक क्रिया घडवून आणतो, तो उत्प्रेरक. कॅटकॉनच्या पत्र्याच्या डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाचे मधाच्या पोळ्यासारखे जाळे असते. एका चौरस इंचात साधारण चारशे छिद्रे. त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. डबा तापून सुमारे तीनशे अंशांच्या वर गेला की काम सुरू होते. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून साधा नायट्रोजन सुटा होतो. चांगला तापलेला डबा हे तीन वायू नव्वद टक्क्यांहून अधिक निकामी करतो.

ही सोय सहज मिळालेली नाही. १९४३ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे धुके उतरले. ते मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वायूंपासून उन्हात तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिले. १९७५ पासून तिकडच्या बहुतेक नव्या मोटारींना हा डबा बसू लागला. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले आणि २००० सालापासून ते देशभर आले. एका डब्यासाठी साऱ्या देशाचे पेट्रोल बदलले, एवढे त्याचे महत्त्व.

आमचा विद्यार्थी म्हणाला, “सर, वेंगुर्ला रोडवरून शिनोळीला एवढे ट्रक जातात. माझ्या एका गाडीने काय होतंय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गणितात आहे. डबा शंभरातले नव्वद भाग अडवतो, बाहेर दहा पडतात. डबा काढला की शंभरच्या शंभर बाहेर. म्हणजे या तीन वायूंपुरते बोलायचे तर ती एक गाडी राहत नाही, दहा गाड्या होतात. शिवाय हे वायू डोळ्यांना दिसत नाहीत. ट्रकचा काळा धूर पाहून आपण पदर नाकाला लावतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो.

बरे, एवढे करून लाभ किती? कारखान्यातून आलेल्या साध्या इंजिनाला त्यामुळे मिळणारी जादा शक्ती थोडीच असते. वाढतो तो मुख्यतः आवाज, आणि आवाजालाच पुष्कळ जण शक्ती समजतात. ऑक्सिजन मोजणारा सेन्सरही काढला, तर इंजिनाच्या संगणकाला हवा-पेट्रोलचे प्रमाण नीट राखता येत नाही आणि पेट्रोल जास्त जळते.

गंमत अशी की या डब्याची किंमत चोरांना बरोबर कळली आहे. २०२१ च्या सुमारास पुणे, मुंबई आणि गुजरातेत मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जात होते, ते आतल्या याच धातूंसाठी.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शर्यतीची हौस असेल तर चेन्नई, कोइमतूर येथे त्यासाठी बांधलेले ट्रॅक आहेत. रस्ता मात्र सर्वांचा आहे.

पण दंडाच्या भीतीने आम्ही नकार दिला नाही. गाडीतले इंजिन, गियर, ब्रेक, गादी हे सारे आत बसणाऱ्याच्या उपयोगाचे. कॅटकॉन मात्र मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसासाठी काम करतो. मालकाला तो बिनकामाचा वाटतो, याचे कारण हेच. आपल्या फाटकासमोर सकाळी ‘मागे उभे’ कोण असते? बसची वाट पाहणारी पहिली-दुसरीची मुले. त्यांची नाके मोठ्यांपेक्षा सायलेन्सरच्या उंचीच्या अधिक जवळ असतात आणि ती मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात. थंडीच्या दिवसांत शेतांवरचे धुके नऊ वाजेपर्यंत हलत नाही, त्या वेळी सोडलेला वायूही तिथेच घोटाळतो. शाळेत दमा असलेली मुले आहेत. गाडीचा दम वाढवताना कोणाचा दमा वाढतो, हे पाहणे शाळेचे काम आहे. आपल्या रस्त्यावरून केए २२ ही जाते आणि एमएच ०९ ही जाते. धूर नंबरप्लेट वाचत नाही.

आम्ही त्याला म्हणालो, “बाळ, तू ये. गाडी तो डबा बसवून आण.” तो जरा नाराज झाला. नवा कॅटकॉन महाग आहे, लेथवरच्या पगारातून लगेच जमणारा नाही, हे आम्हालाही कळते. विज्ञान दिनी तो गाडीविना आला, पण कापून काढलेला जुना डबा पोत्यात घालून घेऊन आला. त्यातून उजेडाकडे पाहायला मुलांची रांग लागली. काढलेला भाग काय काम करत होता, हे त्याने स्वतः मुलांना समजावले, तेही आमच्यापेक्षा सोप्या भाषेत. गाडीला नवा डबा अजून बसलेला नाही. पैसे साठवतो आहे, असे तो म्हणतो. बसेल तेव्हा गाडी पटांगणात मानाने उभी करू.

विश्वस्तांनी या निमित्ताने एक निर्णय घेतला आहे. नव्या शैक्षणिक वर्षापासून फाटकाच्या आत येणाऱ्या प्रत्येक वाहनाचे एमिशन सर्टिफिकेट, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला पीयूसी म्हणतात ते, चालू मुदतीचे असावे. हा नियम आधी शाळेच्या गाडीला, मग शिक्षकांना आणि मग पालकांना लागू राहील. फाटकाजवळ थांबताना सर्वांनी इंजिन बंद करावे, ही आग्रहाची विनंती.

मुलांनो, हात काळे करून यंत्र उघडणारी मुले आम्हाला फार आवडतात. जरूर उघडा. मात्र एखादा भाग बिनकामाचा वाटला तर तो काढण्याआधी एवढेच विचारा, की तो कोणासाठी बसवला आहे.

आपला,
मुख्याध्यापक