पितळी बकल

गोंदियाच्या बाजारात एक पोरगा पट्टा कमरेला न लावता नुसता हातात धरून उभा होता. बकल उलटवायचा, मागची शिवण बघायचा, पुन्हा सुलटं करायचा. जवळच बिरसीला राज्य राखीव पोलीस दलाचा गट 15 आहे, त्यामुळे नव्यानं भरती झालेली पोरं इथे दिसतातच; पण लग्नाचा शालूही कुणी इतका निरखत नाही. "भाऊ, परेडला चालंल ना हा?" रुंदी, रंग, बकल सगळं नियमानं ठरलेलं. तरी निवडायला बरंच उरतं. चामडं की रेक्झिन? अस्सल पितळ की नुसता मुलामा?

मला एनसीसीचा सुती पट्टा फार आवडायचा. त्याला भोकं नसतात. टोकं मागे दुमडून पितळी आकडे विणीत अडकवायचे, माप जमेपर्यंत. परेडच्या आदल्या रात्री ब्रासो पॉलिश आणि जुन्या बनियनचा तुकडा घेऊन बसायचं, बोटं काळी होईपर्यंत.

अधिकाऱ्यांच्या चामडी पट्ट्याला उजव्या खांद्यावरून तिरकी वादी येते. तिच्यामागे एक तुटलेला हात आहे. 31 ऑगस्ट 1858, पिलीभीतजवळचं सिरपुरा. सॅम ब्राउन हा इंग्रज कॅप्टन एकाच स्वाराला घेऊन उठाववाल्यांच्या तोफेवर धावून गेला. तोफ पुन्हा ठासू न देण्यासाठी गोलंदाजांशी भिडला. तलवारीचा एक वार गुडघ्यावर बसला, दुसऱ्यानं डावा हात खांद्यापासून गेला. आता तलवार उपसायची कशी? डाव्या हातानं म्यान धरल्याशिवाय ती सरळ बाहेर येत नाही. म्हणून त्यानं म्यान कमरेशी घट्ट बसवलं आणि त्याचं ओझं खांद्यावरच्या वादीवर टाकलं. पुढे दोन हातांच्या अधिकाऱ्यांनीही तसाच पट्टा चढवला. जगभरच्या सैन्यांत तो गेला. ज्यांनी तो हात तोडला ते आपले लोक होते, आणि स्वतंत्र भारताच्या अधिकाऱ्यांनीही तोच पट्टा ठेवला. ठेवला हे मला योग्य वाटतं. ती वादी मिरवण्यासाठी नव्हे, गरजेपोटी जन्मली.

सालेकसा-देवरीच्या जंगलात गस्तीला मात्र मी सुतीच पट्टा निवडीन. धानाच्या या मुलखात पाऊस लागला की चामड्यावर आठवड्यात बुरशी चढते. त्या पोरानं शेवटी चामडीच घेतला. भिजला तर त्यानं तो सावलीत वाळवावा. चुलीशेजारी ठेवला की चामडं तडकतं.