पातळी

यंदा गणपतीला माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून गावी आला आणि सुट्टीत त्याने आमच्या शाळेच्या हजेरीसाठी एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. मी मराठीचा एम. ए.; संगणकापुढे बसलो की पुन्हा पहिलीत घातल्यासारखे वाटते. तरी शेजारी खुर्ची ओढून बसलो.

प्रोग्रॅम आपण काय काय केले याची नोंद स्वतःच ठेवतो. तिला 'लॉग' म्हणतात. शब्द मला परका नव्हता. तपासणीला आलेले साहेब शाळेच्या लॉगबुकात शेरा मारतात, तोच हा. मूळचा तो जहाजावरचा. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून पाण्यात सोडायचा, ठरावीक वेळात किती गाठी सुटल्या ते मोजायचे आणि तो वेग वहीत लिहायचा. लाकूड गेले, वही राहिली.

"सर, पायथॉन भाषेत या नोंदींच्या पाच पातळ्या असतात," तो सांगू लागला. बारीकसारीक तपशील म्हणजे डीबग, 10. साधी माहिती म्हणजे इन्फो, 20. इशारा तो वॉर्निंग, 30. चूक ती एरर, 40. आणि हाहाकार म्हणजे क्रिटिकल, 50. जी पातळी लागू असेल तिच्याखालचे काही आपल्या कानावर येत नाही.

त्याने प्रत्येक वर्गाला एकेक नोंदकर्ता नेमला होता. 'मुलगा गैरहजर' ही नोंद 20 ची. ती काही केल्या पडद्यावर उमटेना. आठवीच्या नोंदकर्त्याला त्याने त्याची पातळी विचारली. उत्तर आले : शून्य.

"मग छानच की! सगळे ऐकू येणार," मी म्हणालो.

तो हसला. "नाही सर. शून्य म्हणजे 'माझे स्वतःचे काही ठरलेले नाही'. मग तो आपल्या वरच्याकडे बघतो. सगळ्यांच्या मुळाशी जो बसलाय, त्याची पातळी कुणी बदलली नसेल तर 30 असते. तीच याला लागू." खात्रीसाठी त्याने पाचही पातळ्यांचा एकेक निरोप धाडला. तीन उमटले. दोघांचा पत्ता नाही. "नुसते विचारून भागत नाही सर, निरोप धाडून बघावा लागतो."

मी गप्प झालो. तीन वर्षांपूर्वी आठवीतलाच एक मुलगा शाळेत यायचा थांबला. मला कळले तेव्हा महिना उलटला होता. चोर्ला घाट उतरून तो गोव्यातल्या एका हॉटेलात भांडी घासायला गेला होता. "पाठवला सर, घरात खाणारी पाच तोंडे," त्याची आई म्हणाली. मी दोनदा जाऊन आलो. तो परतला नाही. वर्गशिक्षकांना रागाने विचारले, तर ते खाली मान घालून म्हणाले, "सर, किरकोळ गोष्टी ऑफिसात न्यायच्या नाहीत, अशी आपली पद्धत आहे ना?"

ही पद्धत मी घातलेली नव्हती. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांच्या काळची ती. मी तर प्रत्येक सभेत सांगत होतो, "माझे दार उघडे आहे." ते खोटे नव्हते. पण मी स्वतः काहीच ठरवले नव्हते, आणि खुर्चीबरोबर आलेली 30 तशीच चालू होती.

विद्यार्थ्याने एक ओळ घातली. आठवीची पातळी 10 झाली आणि पडद्यावर नोंदींचा पाऊस पडू लागला.

"सर, रोज एवढे वाचायचा कंटाळा येईल हां."

"येऊ दे," मी म्हणालो.

सुट्टीनंतर मीही निरोप धाडून बघायचे ठरवले. रोज मधल्या सुट्टीत एकेका शिक्षकांना विचारू लागलो, "आज वर्गात किरकोळ काय घडले?" आठ दिवस एकच उत्तर : "काही नाही सर." नवव्या दिवशी सातवीच्या बाई दारात घुटमळल्या.

"तसे काही विशेष नाही सर. पण शेवटच्या बाकावरची एक मुलगी आठवडाभर कुणाशी बोलत नाही."

मी हातातली फाईल मिटली. म्हणालो, "या, बसा."