नवरी पडी?

सुरतेत माय पहिल्यांदा घाबरली ती एका प्रश्नाला. पांडेसऱ्यातली आमची भाड्याची खोली एका काठियावाडी बाईची. तिला सगळी चाळ मासी म्हणे. एका दुपारी मासी दारात उभी राहून म्हणाली, "नवरी पडी?" मायनं हातातली कातर टाकली. कुणाची नवरी? कुठे पडली? फार लागलं का? गुजरातीत 'नवरी' म्हणजे मोकळी, रिकामी. काम आटपलं का, एवढंच मासीला विचारायचं होतं. हा खुलासा मी केला. मी तेव्हा सहा वर्षांचा. घरचा दुभाष्या म्हणून माझी बिनपगारी नेमणूक त्याच दुपारची.

कातर कशाची, तर धागे कापायची. जरीच्या साड्यांच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात. अशा साड्यांचे गठ्ठे घरोघर यायचे, आणि गल्लीतल्या बाया उंबऱ्यात बसून साडी उलटी पसरून ते धागे कापायच्या. संध्याकाळी अंगणभर रंगीत भुसा. जेवताना तोंडात केस यावा तसा आमच्या भाकरीत धागा यायचा. बा औद्योगिक वसाहतीतल्या रंगाई-छपाईच्या मिलमध्ये. बारा तासांची पाळी; एक आठवडा दिवसाची, एक रात्रीची. बाजारात कुठला रंग चालू आहे हे मला त्याच्या नखांवरून कळे. एका दिवाळीच्या आधी ती महिनाभर राणी रंगाची होती.

आणि 'बा' म्हणजे बाप. पण गुजरातीत बा म्हणजे आई! गल्लीतल्या दोस्ताला मी सांगितलं, "मारो बा मिलमां जाय छे." त्यानं माझं व्याकरण सुधारलं : "मारो नहीं, मारी बा." मला वाटलं, गुजरातीत बापाला असंच म्हणत असतील. मग वर्षभर बाहेर माझा बाप स्त्रीलिंगी होता.

मराठी घरचं पोर म्हणजे मराठी बोलणारं पोर, असं पुण्या-मुंबईकडच्यांना वाटतं. आमच्या घरात मराठी नव्हतीच, अहिराणी होती. मराठी शाळेत भेटली, तीही परीक्षेपुरती. सुरत महापालिका गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. त्यातल्या मराठी शाळेत मी. आमची मराठी पुस्तकंसुद्धा गांधीनगरहून यायची. बाईंनी 'माझ्या बापाचा डबा' लिहायला सांगितलं, की मी आधी मनात 'मना बाना डबा' म्हणे. हा 'ना' गुजरातीच्या 'नो'चा सख्खा भाऊ. आमचं 'शे' नि त्यांचं 'छे' तर जुळेच. प्रमाण मराठी मात्र आमच्यासाठी इस्त्रीच्या कपड्यांसारखी, फक्त बाहेर जाताना घालायची.

अमेरिकेत मेक्सिकोतून आलेल्या आईबापांची मुलं दवाखान्यात, कचेरीत आईबापांचं बोलणं इंग्रजीत करून सांगतात, हे मोठेपणी वाचलं तेव्हा ती पोरं ओळखीची वाटली. मोठ्यांची दुखणी आणि उधाऱ्या या पोरांना वेळेआधीच कळतात. एकदा एका कचेरीत कारकुनानं बाला विचारलं, "वतन?" गुजरातीत वतन म्हणजे मूळ गाव. बाला वाटलं पाटीलकीचं वतन. तो हसला : "आपलं कसलं वतन, साहेब? दोन बिघे कोरडवाहू." कारकून माझ्याकडे पाहू लागला. मी फक्त गावाचं नाव सांगितलं, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. त्यानं ते गुजराती लिपीत लिहिलं. त्या लिपीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते. गावाचं छप्पर उडाल्यासारखं दिसलं मला. कोरडवाहूचं मी त्याला सांगितलंच नाही. दुभाष्याला एवढी चोरी माफ असावी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र गावी जायचंच. पोर-सोर, पिशव्या, पत्र्याची पेटी घेऊन उधन्याला गाडीत चढायचं. बारडोली, व्यारा, सोनगड, मग नवापूर. तेव्हा एकच रूळ होता; समोरची गाडी येईपर्यंत आमची गाडी कुठंही उभी राही. नवापूरच्या फलाटावरूनच दोन राज्यांची हद्द जाते. आता तिथलं एक बाकडंसुद्धा अर्धं गुजरातचं नि अर्धं महाराष्ट्राचं म्हणून रंगवलंय. १ मे १९६० ला ही हद्द पडली. तापीला तिचा पत्ता नाही. आमच्या तालुक्यातून जाणारी तीच पुढे सुरतेत येते.

गावात पोहोचलो की आरोळी, "सुरतवाला उनात रे!" आणि पांडेसऱ्यात आम्ही मराठी. एकदा चुलतभाऊ चौथीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन आला आणि छाती काढून म्हणाला, "तुमनी सुरत आमना महाराजनी लुटी!" एकदा नाही, दोनदा : १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरात. शिवजयंतीला पांडेसऱ्यात भगवा धरून मीही मिरवणुकीत चालायचो. पण त्या 'तुमनी'पाशी मी अडकलो. लुटणाऱ्यांत जाऊन उभं राहावं, तर मासीचं घर डोळ्यांपुढे येई.

बा म्हणायचा, दोन वर्षं काढू, मग परत. ती दोन वर्षं तीसेक वर्षं चालली. माय अजूनही कुणी विचारलं तर सांगते, मला काही गुजराती येत नाही.

गेल्या आखाजीला गावी भाऊबंदांत लग्न होतं. मंडपामागे बाया पुऱ्या लाटत बसल्या होत्या. मायचं आटपलं. ती हात धुऊन उठली आणि पलीकडे भांडी घासणाऱ्या जावेला तिनं लांबूनच मोठ्यानं हाक मारली, "नवरी पडनी का वं?"

लाटणी टाकून पाच-सहा बाया मंडपाकडे धावल्या. त्यांच्या मागोमाग सवयीनं मीही उठलो, खुलासा करायला.