चायनाटाउनात कुठे जेवावे?

परक्या शहरात गेल्यावर कुठे जेवावे, हा प्रश्न वरवर पाहता साधा असतो. पण मुंबईच्या चायनाटाउनात कुठे जेवावे, असे कुणी विचारले, तर आधी ती वस्ती कुठे 'आहे' म्हणावे की कुठे 'होती' म्हणावे, येथेच वाक्य अडते. आम्ही भाषेचे अध्यापक. क्रियापदाच्या काळाचा हा पेच आम्हांला किरकोळ वाटत नाही.

मुंबईतील चिनी वस्तीच्या जागा मुख्यतः दोन : कामाठीपुऱ्यातील सुखलाजी स्ट्रीट आणि गोदीलगतचे माझगाव. माझगावात नवाब टँक रोडवर १९१९ साली उभारलेले सी यप कून मंदिर आजही आहे. दक्षिण चीनमधल्या सी यप भागातून आलेल्या खलाशांचा तो आधार होता. वरच्या मजल्यावर क्वान कुंग पूजला जातो. इतिहासातला हा सेनापती आख्यानांतून आणि कादंबरीतून वाढत वाढत देव झाला. चरित्राचे आख्यान आणि आख्यानाचे दैवत कसे होते, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. आम्ही तेथे गेलो तेव्हा उदबत्तीचा वास दरवळत होता. शेजारच्या एकाही घरातून चिनी स्वयंपाकाचा वास मात्र येत नव्हता. त्यासाठी चर्चगेटचे 'कामलिंग' किंवा कुलाब्यात रीगलमागचे 'लिंग्ज पॅव्हेलियन' गाठावे लागते. दोन्ही चिनी कुटुंबांनी नावारूपाला आणलेली. तेथे मंच्युरियनचा मोह आवरून, आले आणि कांद्याची पात घातलेला वाफवलेला मासा मागावा, असे आम्ही सुचवू.

वस्ती ओसरली, याचे एक कारण १९६२ च्या युद्धात आहे. त्या वेळी चिनी वंशाच्या सुमारे ३००० माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांत भारतातच जन्मलेली अनेक होती. बहुतेक जण आसाम आणि बंगालकडचे. पण संशयाची छाया सर्वत्र पडली आणि असंख्य कुटुंबे देश सोडून गेली. रीता चौधुरी यांच्या 'माकाम' (२०१०) या असमिया कादंबरीचा हाच विषय आहे. युद्धापूर्वी तीनच वर्षे, १९५९ मध्ये, मृणाल सेन यांनी महादेवी वर्मांच्या लेखनातील चिनी फेरीवाल्याला 'नील आकाशेर नीचे'मधून बंगाली पडद्यावर आणले होते. कथेतल्या चिनी माणसाविषयी जो जिव्हाळा वाटला, तो रस्त्यावरच्या चिनी माणसाच्या वाट्याला का आला नाही, हा प्रश्न साहित्य शिकवणाऱ्यांनी स्वतःलाच विचारायला हवा.

वस्तीतच बसून जेवायचे असेल, तर कोलकात्याला जावे. तेथे चिनी वस्त्या दोन. लालबाजारजवळच्या तिरेट्टा बाजारात रविवारी पहाटे सहाच्या सुमारास पोहोचावे. उघड्यावर मांडलेल्या टेबलांवरून वाफाळलेले बाव, शुमाई आणि माशाच्या गोळ्यांचे सूप मिळते; उशीर केला की भांडी रिकामी. विक्रेत्यांत आता चिन्यांपेक्षा इतरच अधिक दिसतात. संध्याकाळी टँगऱ्याला जावे. हक्का समाजाने तेथे कातडी कमावण्याचे कारखाने उभारले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पुढे त्यांतल्या कित्येक आवारांत उपाहारगृहेच उरली.

याच कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग मुंबईला आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात लसूण, आले, हिरवी मिरची घेऊन त्यांत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि चिकन मंच्युरियन जन्मले, असे ते सांगत. मांचुरियात हा पदार्थ नाही. म्हणून तो खोटा ठरतो काय? आमच्या मते ते भाषांतर नव्हे, रूपांतर आहे. आणि यशस्वी रूपांतर मूळ संहितेवाचूनही उभे राहते. मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये.

आमच्या नशिराबादवरून जाणारा महामार्ग पूर्वी सहा क्रमांकाचा होता आणि हजिऱ्याहून निघून थेट कोलकात्याला पोहोचत असे. आज आमच्याकडे त्याचा क्रमांक ५३ आहे. खानदेशात अशा रस्त्यांच्या कडेला सायंकाळी लाल रंगाच्या 'चायनीज'च्या गाड्या लागतात. कोबी चिरला जातो, कढई तापते, शेजवान चटणीचा ठसका उठतो. भरीत-भाकरी आणि शेवभाजीवर वाढलेली आमची विद्यार्थी मंडळी तेथे गर्दी करतात. गाडीवरच्या मुलाने चिनी माणूस पाहिलेला नसतो, खाणाऱ्यानेही नसतो. पदार्थ गावोगाव पोहोचला, आणि ज्यांनी तो आणला त्यांना मात्र आपण परके ठरवून मोकळे झालो.

गाडीवर खाऊ नये, असे आमचे मुळीच म्हणणे नाही, आम्हीही खातो. पण मुंबईला किंवा कोलकात्याला जाणे झाले, तर एक जेवण तरी जेथे चूल अजून त्या कुटुंबाच्या हाती आहे, तेथे घ्यावे आणि पूर्ण दाम देऊन घ्यावे. जमले तर आधी माझगावच्या त्या मंदिराचा जिना चढून यावे.