स्क्रीन काळी पडली तेव्हा

गेल्या दिवाळीत मी इंदूरमध्ये एक सेकंड हँड स्पोर्ट्स कार जवळजवळ घेतलीच होती. चार वर्षांची बचत होती. इंजिन ठणठणीत, पण मधली टचस्क्रीन काळी. एसीसुद्धा तिच्यावरूनच चालायचा. "हा पार्ट आता मिळत नाही," मेकॅनिक म्हणाला.

बाबा म्हणाले, "अरे, एका स्क्रीनसाठी गाडी सोडतोस?"

मला मॅक्लारेन एफ१ आठवली. १९९२ साली ती जगापुढे आली. एकूण १०६च बनल्या. तिचा कार्बन फायबरचा सांगाडा तेव्हा नवलाईचा होता, आजच्या सुपरकारमध्येही तोच वापरतात. पण तिची तपासणी करायला कंपनीला २०१६ मध्येसुद्धा नव्वदच्या दशकातले कॉम्पॅक लॅपटॉप सांभाळावे लागत होते!

सांगाडा स्वतःच्या जिवावर टिकतो. चिप आणि सॉफ्टवेअरला मात्र मागे कोणीतरी सांभाळणारं लागतं. मॅक्लारेनला कंपनी होती. माझ्या गाडीला कोण होतं?

मी गाडी सोडली. बाबा दोन दिवस गप्पच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातली जुनी स्कूटर काढली, किक मारली आणि म्हणाले, "चल, पोहे-जिलबी खाऊन येऊ."