ऑगस्टातलं घर, मे महिन्यातलं घर

लंडनमध्ये वर्षभरात जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या कुणकेश्वरात एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो. तरी घरातल्या ओलीबद्दल लंडनकर जेवढं बोलतात, तेवढं गावात कुणी बोलत नाही. गावचं घर भिजतं आणि वाळतंही. कौलांच्या फटींतून वारा खेळतो, चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि दिवाळीपर्यंत ते सोडून देते. इथलं घर आतून भिजतं. थंडीत खिडक्या गच्च बंद, आत भात शिजतोय, फोडणी पडतेय, रेडिएटरवर कपडे वाळतायत. ती सगळी वाफ घरातल्या सर्वांत गार भिंतीवर जाऊन बसते. ही भिंत बहुधा कपाटामागे असते आणि तिथेच काळी बुरशी धरते. रॉचडेलमध्ये 2020 साली अवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे दगावलं. सोशल हाऊसिंगमधल्या भाड्याच्या घरांसाठी त्याच्या नावाने पुढे कायदा झाला. तेव्हा हा विषय नुसता रंगसफेदीचा नाही.

ओळखीतलं मराठी जोडपं हॅरोमध्ये घर बघत होतं. ‘तुम्ही कोकणातले, तुम्हांला ओल कळते’ म्हणून मलाही सोबत नेलं. ऑगस्टातला लख्ख दिवस, मागे हिरवळ, आत ताज्या रंगाचा वास. 1930च्या दशकातलं जोडघर, पुढे काढलेली अर्धगोल बे विंडो. दिवाणखान्याच्या तीन भिंतींचा रंग जुना आणि खिडकीलगतच्या चौथीला कोरा वॉलपेपर. चारांतल्या एकाच भिंतीवर कुणी खर्च केला असेल, तर त्याचं कारण विचारावं. आम्ही बाहेर जाऊन तीच भिंत पाहिली. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चढत गेलेली नव्या सिमेंटची रेघ, खाली बारीक आणि वर बोटाएवढी रुंद. मधोमध ती पुन्हा उलली होती. फुटपाथवर ओकचं दांडगं झाड.

एजंट म्हणाला, जुनं घर आहे, थोडं बसणारच. नव्वद वर्षं झाली तरी हे घर बसतंच आहे?

लंडनचा बराच भाग चिकणमातीवर उभा आहे. ही माती पावसाळी दिवसांत फुगते आणि कोरड्या उन्हाळ्यात आकसते. ओक, विलो, पॉप्लर यांच्यासारखी तहानलेली झाडं तिच्यातलं पाणी आणखी ओढून घेतात. उथळ पायाची बे विंडो खाली सरकते आणि घर मात्र जागेवर राहतं. यालाच सबसिडन्स म्हणतात. इथल्या विमा कंपन्यांनी 1971 साली घराच्या विम्यात हा धोका घेतला आणि 1976चा कोरडा उन्हाळा आला तेव्हा दाव्यांचा ढीग लागला. केसाएवढ्या आडव्याउभ्या भेगा प्रत्येक घरात असतात, त्यांना घाबरू नये. खिडकीदाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी, वरच्या बाजूला रुंद होत जाणारी आणि आतबाहेर एकाच जागी दिसणारी भेग असेल, तर मात्र थांबावं. घरावर पूर्वी असा दावा झाला होता का, हे लेखी विचारावं.

गंमत अशी की हेच घर जानेवारीत पाहिलं असतं, तर फुगलेल्या मातीने भेग जवळपास मिटलेली असती. उलट कपाटामागची बुरशी ऑगस्टात पुसून, रंगवून बेपत्ता करता येते. प्रत्येक ऋतू घराचा एक दोष दाखवतो आणि दुसरा झाकतो. दोन्ही ऋतूंत बघणं जमलं तर उत्तमच. नसेल जमत, तर नसलेल्या ऋतूच्या खुणा शोधाव्यात. कपाट पुढे ओढून मागे हात फिरवावा. खिडकीच्या लाकडी चौकटीत खालच्या कोपऱ्यात नख रुतवून बघावं. बाहेरची जमीन किंवा फरशी भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा किमान 15 सेंटिमीटर खाली हवी. अंगण हौसेने उंच केलेलं असेल, तर पाणी तो थर ओलांडून भिंतीत शिरतं. खालच्या मजल्यावरचं चिमणीचं बांधकाम पाडून खोली मोठी केली असेल, तर पोटमाळ्यावर चढून वरची चिमणी कशाच्या आधारावर उभी आहे ते पाहावं.

इथे नव्याने आलेल्यांची एक समजूत हमखास चुकते. बँकेने माणूस पाठवला म्हणजे घर तपासून झालं, असं त्यांना वाटतं. तो माणूस बँकेच्या कर्जापुरती किंमत बघतो. घराची तब्येत बघणारा सर्व्हेअर आपण, आपल्या पैशाने नेमायचा असतो. जुन्या घराला त्यातली सर्वांत सविस्तर, तिसऱ्या पातळीची तपासणी घ्यावी.

हेच जोडपं परतताना म्हणालं, निवृत्तीनंतर तुमच्या कुणकेश्वरला एखादं घर घ्यावं म्हणतो. हल्ली हे फार ऐकू येतं. देवळासमोरचा समुद्र, देवगडचा हापूस, किनाऱ्यालगत घर. मंडळी बघायला जातात सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात. तेव्हा तिथली प्रत्येक भिंत खणखणीत कोरडी असते. आमचे काका म्हणतात, ‘मे म्हयन्यात घर बघूक येतत आनि जुलयात छपराक शिव्या घालतत.’

मे महिन्यातही जुलै दिसतो, कुठे बघायचं ते माहीत हवं. पश्चिमेकडच्या पडवीच्या खांबांवर आणि वाशांवर खिळ्यांची भोकं किती आणि कुठवर आहेत ते मोजा. दरवर्षी झड अडवायला जिथे माडाची झापं किंवा प्लास्टिक ठोकतात, तिथवर पाऊस आत येतो. मालकाला विचारायचीही गरज नाही. वाशांवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवी आहे. वासा बोटाने वाजवून बघा, बद्द आवाज आला तर आतून खाल्लेला. पागोळ्या जिथे पडतात तिथला जोत्याचा चिरा झिजून खड्डा झालाय का, तेही बघा.

स्लॅबचं घर म्हणजे बिनघोर, हा समज किनाऱ्यावर खरा नाही. खारी हवा काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून रेटून काँक्रीटचे पोपडे पाडतो. स्लॅबखाली तांबूस ओघळ किंवा सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली, तर वर मारलेला रंग विसरा. बांधकामाला वाळू कुठली वापरली, हेही विचारा. समुद्राकाठची न धुतलेली वाळू असेल, तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच आहे.

मे महिन्यात जाण्याचा एक फायदा मात्र आहे: विहीर. तळाला गेलेलं पाणी तेव्हाच दिसतं आणि ते मचूळ आहे का, ते तेव्हाच चाखता येतं. भरल्या पावसात सगळ्याच विहिरी गोड.

कागदांना ऋतू नसतो, ते कधीही तपासावेत. सातबाऱ्यावर मुंबईतल्या चुलतभावांची किती नावं आहेत ते मोजावं. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत सीआरझेडचे निर्बंध येतात. आमच्यासारख्या अनिवासी भारतीयांना घर घेता येतं, पण शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. म्हणजे घरासोबत हापूसची बागही देतो म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच आवरावं. नव्या नोंदणीकृत प्रकल्पात फ्लॅट घेतला, तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष दुरुस्त करणं रेरा कायद्याने बिल्डरवर बंधनकारक आहे. जुन्या घराला असं कुणी बांधील नसतं.

बिनदोषाचं घर मी ना हॅरोत पाहिलं, ना गावात. दोष कुठला आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हे वेळेवर कळलं तर त्या घरातही सुखाने राहता येतं. इंग्लंडमध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधलेलं नसतं, म्हणून सर्व्हेचा अहवाल हातात धरून भाव पाडता येतो. त्या जोडप्याने तेच केलं. मालक हटून बसला, तेव्हा घर सोडलं. गावात ही मोकळीक विसार देईपर्यंतच. म्हणून विसाराआधी एक पावसाळा जाऊ द्या. मालकाला तेवढा दम नसेल, तर त्याला घाई कसली आहे, ते शेजाऱ्याला विचारा.