पहाट झाल्याचं सांगणारे

दहावीचे फॉर्म भरायचे दिवस आले की आम्हा शिक्षकांची एक फेरी ठरलेली. जी मुलगी पुस्तक नाकाला लावून वाचते, तिच्या घरी जाऊन सांगायचं, अपंगत्वाचा दाखला काढा. लेखनिक मिळेल, तासामागे २० मिनिटं जास्त मिळतील. चहा येतो, दुआ मिळतात, दाखला येत नाही. "एकदा कागदावर चढलं की रिश्ते बंद. धाकट्या दोघींचं काय?" सरकार आता 'दिव्यांग' म्हणतं. शब्द बदलला म्हणून रिश्ते काही आले नाहीत.

मुलीला डोळ्यांपेक्षा मोहल्ल्याची भीती जास्त. आम्ही नावंच तशी ठेवतो: लंगडा रफिक, बहिरी खाला. सूरह हुजुरातमध्ये वाईट टोपणनावांना मनाई आहे, ती आम्हाला पाठ असते. रमजानमध्ये त्याच रफिकच्या हातावर फितरा ठेवला की आम्ही मोकळे.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) दृष्टिहीन होते. सूरह अबस त्यांच्या प्रसंगावर उतरली, हे बहुतेकांना माहीत असतं. आम्हाला मात्र त्यांच्या अजानीची गोष्ट जास्त जवळची वाटते. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्र असतानाच व्हायची, सहेरीचं खाणं थांबायचं ते इब्ने उम्मे मकतूम यांच्या अजानीवर. ज्यांना पहाट दिसत नव्हती, त्यांच्याकडे पहाटेची अजान! लोक त्यांना सांगत, सकाळ झाली, सकाळ झाली. मग ते अजान देत. प्रेषित मुहम्मद (स.) मोहिमेवर जाताना मदीनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवून गेले आहेत. दिसत नाही म्हणून कोणी त्यांना घरी बसवलं नाही. जेवढं कमी होतं, तेवढं शेजारच्यांनी पुरवलं.

आता आमची मशीद पाहा. संगमरवर आहे, एसी आहे. दारात पाच पायऱ्या, धरायला कठडा नाही. वजूचे नळ इतके खाली की गुडघे गेलेला माणूस बसला तर उठवायला दोघं लागतात. कानानं ऐकू न येणाऱ्या मुलासाठी जुम्म्याचा खुतबा म्हणजे नुसते हलणारे ओठ. केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या पुलिक्कलच्या मशिदीत तोच खुतबा खुणांच्या भाषेतही सांगण्याची सोय केली गेली.

विश्वस्तांकडे आम्ही रॅम्पचा विषय काढला. ते म्हणाले, "अपंग येतातच कुठे मशिदीत?" आम्ही पायऱ्यांकडे बोट दाखवलं. ते थोडे हसले, मग गप्प झाले. पुढच्या मीटिंगला विषय ठेवलाय. गवंड्याकडून खर्चाचा अंदाज आणायचं काम आमच्याकडे आहे.